बाबांचा हिरवा-गुलाबी चेहरा

"बाबा, तुम्ही भर जुलैत एक गाल हिरवा आणि एक गुलाबी करून चहाच्या टपरीवर का बसला होतात?"

किशोर खैरनारांचा घास हातातच राहिला. हा प्रश्न खरं तर तृप्तीच्या मैत्रिणींचा होता. दुपारी शाळेची रिक्षा बाबांच्या सातपूरच्या कंपनीवरून जाताना शुभांगीला ते ध्यान दिसलं, ती किंचाळली, सगळी रिक्षा खिडकीशी लोटली आणि मग शुभांगी म्हणाली, "ए, हे तर तुझे बाबा! हिंमत असेल तर घरी विचारून दाखव." वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून तृप्तीला हिंमतीवर कुणी काही बोललेलं चालत नव्हतं. तिने विचारून दाखवलं.

"ऑफिसचं काम असतं गं," बाबा पुटपुटले.

"तुम्ही स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजता. त्याला मेकअप लागतो?"

"सांगा ना आता," आई पोळी तव्यावर आपटत म्हणाली. "चार महिने माझी खोबरेल तेलाची बाटली दर आठवड्याला रिकामी होतेय, ती कशासाठी ते सांगा लेकीला."

मग बाबांनी सांगितलं, आणि तृप्तीचं डोकं जे तापलं ते रात्रभर निवलं नाही.

झालं होतं असं. मुंबईच्या हेड ऑफिसने 'कर्मचाऱ्यांचा डिजिटल अनुभव सुधारावा' म्हणून कंपनीच्या गेटवर चेहरा ओळखणारं हजेरी यंत्र बसवलं. चेहरा नोंदवायची शेवटची तारीख कुणीतरी मुंबईत बसून ठरवली. धुळवड झाली की रंग संपले, असं मुंबईला वाटतं. नाशिकचे रंग पंचमीला सुरू होतात, हे त्यांना कोण सांगणार? ती तारीख नेमकी रंगपंचमीला आली. सुट्टी नव्हती, पण गल्लीने कुणाला सोडलं नव्हतं. बाबा स्कूटरला किक मारत असताना खुद्द तृप्तीनेच त्यांचा डावा गाल हिरवा केला होता आणि उजवा गुलाबी. पक्क्या रंगाने! सगळी कंपनी तशीच रंगलेली आली, रांगेत उभी राहिली, आणि यंत्राने सगळ्यांचे तेच चेहरे मनावर घेतले.

दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन आलेल्या एकालाही ते ओळखेना.

"मग फोटो बदलायला सांगायचं ना!"

"सांगितलं. फोटो बदलायचा अर्ज यंत्रावरच करायचा. त्यासाठी आधी ओळख पटावी लागते."

"म्हणून तुम्ही चार महिने रंग लावून जाताय? सगळे?"

"प्रत्येकाची पुडी ठरलेली आहे. आत गेलं की तेल लावून धुतो. संध्याकाळी निघताना परत लावायचा, बाहेरच्या नळावर पुन्हा धुवायचा. सवय झाली."

"सवय!" तृप्ती ताटावरून उठलीच. "आज मग का नाही धुतलात?"

बाबांनी मान खाली घातली. बाहेरचा नळ आता काढून टाकलाय, आणि आज त्यांना आत जाताच आलं नव्हतं. गेल्या महिन्यात सटाण्याच्या चुलत आजी, अक्काबाई, वारल्या. सुतकात तोंडाला रंग कसा लावणार? तेवढे दिवस वॉचमन सहादूमामा त्यांना बाजूच्या दारातून आत सोडत होते. बाबा रोज काम करत होते आणि यंत्र रोज गैरहजेरी मांडत होतं. सुतक फिटल्यावर बाबा आज रंग लावून उभे राहिले, तर यंत्र गोड आवाजात म्हणालं, 'किशोर खैरनार, तुम्ही नोकरी सोडली आहे. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.' बाजूचं दारही मुंबईच्या मेलवरून बंद झालेलं.

"म्हणजे नोकरी गेली?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. पोळी करपली तरी तिने उलटली नाही.

"उद्या मुंबईहून राज सर येतायत. अनुभव सुधारवाले. त्यांना हात जोडून विनंती करून बघतो."

"हात जोडायचे? त्यांनी जोडावेत!" तृप्ती म्हणाली. "उद्या मी येणार तुमच्याबरोबर. आणि रंगाच्या पुड्या मी घेते."

सकाळी गेटवर अख्खी पाळी उभी होती. निळे, पिवळे, जांभळे चेहरे, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. यंत्राच्या पडद्यावर प्रश्न होता : 'आजचा अनुभव कसा होता?' खाली निवडायला पाच चेहरे, पाचही हसणारे. तृप्तीला वाटलं, दगड घालावा. तेवढ्यात राज सरांची गाडी आली. गाड्यांचं फाटक वेगळं होतं, तिथे यंत्रबिंत्र काही नव्हतं. तृप्ती गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"तृप्ती, बाजूला हो गं," बाबा कुजबुजले.

"सर, हे यंत्र तुम्ही स्वतः कधी वापरलंय का?"

राज सर काच खाली करून हसले. "बेटा, ते माझंच डिझाइन आहे."

"ते नाही विचारलं. वापरलंय का?"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. चारपाच मोबाइल वर झाले. ते बघून राज सर ऐटीत खाली उतरले, ड्रायव्हरला गाडी आत लावायला सांगितली आणि यंत्रासमोर उभे राहिले. 'सुस्वागतम, राज सर,' यंत्र लाडात आलं.

"सी? सिंपल."

"आता हा रंग लावून बघा. माझे बाबा रोज लावतात तसा."

"ओके, टेस्टिंग! मला फीडबॅक आवडतो," राज सर मोबाइलच्या दिशेने म्हणाले आणि गाल पुढे केला. तृप्तीने रात्रभराचा राग दोन्ही तळहातांत घेतला. डावा गाल हिरवा, उजवा गुलाबी, अगदी रंगपंचमीला केला होता तसा.

यंत्राने क्षणभर विचार केला. 'किशोर खैरनार, तुम्ही नोकरी सोडली आहे. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.' खटकन कडी पडली.

राज सर हसले. मग रुमालाने तोंड पुसलं, त्याबरोबर हिरवं गुलाबीत गेलं आणि सगळा चेहरा वांग्याच्या भरतासारखा झाला. ते पुन्हा यंत्रासमोर गेले. 'ओळख पटत नाही.' पुन्हा. 'ओळख पटत नाही.'

"सहादू, गेट उघड."

"नाय जमणार सर."

"अरे, मी राज!"

"मला लय पटतंय सर. पण वळख पटल्याबिगर कुनाला आत घ्यायचं नाय, असा तुमचाच मेल हाय. गेटवर डकवलाय बघा."

राज सरांनी खिशातून मोबाइल काढला. तोही चेहरा बघून उघडणारा. त्यानेही ओळख दाखवली नाही. शेवटी बाबांच्या फोनवरून त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा गोड आवाज आला, 'तक्रार नोंदवण्यासाठी कृपया यंत्रासमोर आपला चेहरा धरा.'

"कोणत्या गाढवाने बनवलंय हे?" राज सर ओरडले.

निळे, पिवळे, जांभळे चेहरे नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. राज सरांच्या कानांच्या पाळ्या, जिथे रंग नव्हता तिथेही, लाल झाल्या.

बाबांनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. "बसा सर. जोरात घासू नका, आग होते. आधी तेल मुरू द्यायचं."

"तुम्ही हे... रोज करता?"

"दोनदा," तृप्ती म्हणाली.

तेल मुरेपर्यंत राज सर सहादूमामांच्या स्टुलावर बसून होते. रंग पुसून एकदाची ओळख पटली, तसं आत जाऊन त्यांनी सगळ्यात आधी यंत्राची वायर उपसली. गेटवर जुना हजेरीपट आला आणि पहिली सही किशोर खैरनारांनी केली, धुतलेल्या तोंडाने.

संध्याकाळी घरी शिरा झाला. आई आणि बाबा तृप्तीला 'आमची वाघीण' वगैरे म्हणत होते आणि तीही मान वर करून ते ऐकून घेत होती. तेवढ्यात फोन वाजला. शाळेचा मेसेज होता. तृप्तीने तो मोठ्याने वाचला. 'आनंदाची बातमी! विद्यार्थ्यांचा डिजिटल अनुभव सुधारण्यासाठी सोमवारपासून चेहरा ओळखणारी हजेरी. उद्या सर्वांचे फोटो.'

बाबांचा चमचा थांबला. आईने देवाकडे बघितलं.

तृप्ती शांतपणे उठली. दप्तराशेजारी रंगाच्या उरलेल्या पुड्या ठेवल्या, शुभांगीला फोन लावून दोनच वाक्यं बोलली आणि परत येऊन आईबाबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐका, मी ठरवलंय. यंत्र चेहरा नाही, रंगच ओळखतं ना? उद्याच्या फोटोला अख्खी दहावी ब एकाच रंगात जाणार, डोक्यापासून हनुवटीपर्यंत हिरवीगार. मग सोमवारपासून रोज एकीनेच रंग लावायचा आणि यंत्रासमोर उभं राहून सगळ्या वर्गाची हजेरी लावायची. पहिला नंबर माझा. आई, तेलाची नवी बाटली आणून ठेव."