वर्तककाकांचे नापास फोटो

वर्तककाका माणसाकडे बघत नाहीत, त्याचा चेहरा मोजतात. तुम्ही समोर उभे राहिलात की त्यांची नजर आधी तुमच्या कपाळावर जाते, तिथून सरळ हनुवटीवर उतरते, मग डावा कान, मग उजवा कान. एवढं झालं की मग "नमस्कार". वीस वर्षांपूर्वी जर्मनीत, वाल्डॉर्फमधल्या ह्या इमारतीत मी खोकी घेऊन राहायला आले, तेव्हा जिन्यात भेटलेल्या ह्या गृहस्थांचं मला उद्देशून पहिलं वाक्य होतं, "तुमचा डावा कान केसांखाली गेलाय. इथे चालत नाही."

मी देशात नवीन होते. असेल बाई इथला नियम, म्हणून मी मुकाट्याने केस कानामागे घेतले आणि पुढचे दोन दिवस तशीच ऑफिसला गेले.

मग कळलं की काकांचा विषय पासपोर्ट फोटो. नोकरी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअरची, पण ती आपली पगारापुरती. खरा जीव फोटोत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनऐवजी एक पारदर्शक पट्टी असते. तिला ते शाब्लोन म्हणतात. फोटोवर ठेवायची आणि डोळे, नाक, हनुवटी आखलेल्या रेघांत बसतात का बघायचं. ही पट्टी ते बाजारातही काढतात. एकदा बेकरीतल्या बाईंकडे त्यांनी पट्टीतून एक डोळा मिटून पाहिलं आणि मला कानात म्हणाले, "उत्तम चेहरा. पहिल्या फटक्यात पास होईल." बाईंनी घाबरून एक पाव जास्त दिला.

मला चौकशा करायची खोड आहे, त्यामुळे ह्या वेडाचं मूळ मी पहिल्या महिन्यातच शोधून काढलं. काका तरुणपणी इथे आले तेव्हा फोटो थोडा बाजूने, डावा कान दिसेल असा लागायचा. काकांनी सरळ समोरून काढलेला नेला. सरकारी ऑफिसातल्या बाईंनी तो टेबलावरून नुसता परत सरकवला. ते सरकवणं काकांना फार लागलं. त्यांनी डाव्या कानाची सवय करून घेतली, आणि ती पुरती अंगी बाणल्यावर नियम बदलला. आता समोरूनच हवा, बायोमेट्रिक! त्यानंतर त्यांनी ठरवलं की आपल्या ओळखीतल्या एकाही माणसाचा फोटो ह्या देशात परत येता कामा नये.

आणि खरंच आला नाही. पुण्या-मुंबईहून नवीन आलेलं प्रत्येक कुटुंब आधी काकांच्या दिवाणखान्यात जायचं, मग परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात. भिंतीवर करड्या रंगाची चादर, खिडकीशी काकूंचं स्वयंपाकघरातलं स्टूल, समोर काका. "आल्झो, तर मग तोंड मिटा. दात दिसले नाही पाहिजेत. आनंद नको. दुःख पण नको. तुम्ही कोणीच नाही आहात असं समजा... गेनाऊ! बरोब्बर! आता अगदी कोणीच नाही. पास!" पैशांचं नाव काढलं की ते चिडायचे. काकू आतून पोहे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आता हसा हो. झालं त्यांचं."

जे फोटो पास व्हायचे ते काका कापून पाकिटात घालून द्यायचे. जे नापास व्हायचे ते कुणाला मिळायचे नाहीत. मी एकदा माझा मागितला, बरा आला होता म्हणून. "नापास माल बाहेर जात नाही," असं म्हणून त्यांनी तो कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या कपाटात काय काय आहे हा प्रश्न मला पुढे कितीतरी वर्षं छळत होता.

माझी मुलगी सई इथेच जन्मली. ती सहा आठवड्यांची असताना तिच्या पहिल्या पासपोर्टचा फोटो काकांनीच काढला. पांढऱ्या दुपट्यावर सई, स्टुलावर काका, स्टूल धरून काकू. लहान मुलांना नियमात सवलत असते. काकांना ते ठाऊक होतं. "सवलत आहे, पण ती घेऊ नये," ते म्हणाले आणि तासभर वाकून उभे राहिले. पुढे व्हिसा, नवा पासपोर्ट, पुन्हा व्हिसा, जे काही निघालं त्याचे सगळे फोटो काकांचेच.

ह्याचा परिणाम काय होईल हे आमच्या लक्षात आलं नाही. सई घरात खिदळायची, जिन्यात खिदळायची, पण कॅमेरा समोर आला की तिचं तोंड मिटायचं, मान सरळ व्हायची, कान दिसायला लागायचे. वाढदिवसाच्या केकसमोर बायोमेट्रिक. आल्प्सच्या बर्फात बायोमेट्रिक. पुण्याला फोटो पाठवले की सासूबाईंचा फोन यायचा, "पोरीला बरं नाहीये का गं?"

यंदा सईचं आबिटूर झालं, म्हणजे इथली बारावी. शाळा सोडताना मुलं मिळून एक जाडजूड पुस्तक छापतात. त्यात प्रत्येकाला एक पान. पानावर एक आत्ताचा देखणा फोटो, शेजारी लहानपणचा, आणि खाली मित्रमैत्रिणींनी लिहिलेलं काहीबाही. हे पुस्तक जन्मभर जवळ राहतं. फोटोंसाठी मुलांनी एक फोटोग्राफर बाई ठरवल्या होत्या. शुक्रवारी शाळेत, प्रत्येकाला दहा मिनिटं.

दोन आठवडे आधी सई माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. वर्गाच्या सहलीतल्या तिच्या फोटोखाली कुणीतरी गमतीने लिहिलं होतं, 'ह्या व्यक्तीला कुणी पाहिलंय का? पोलिसांशी संपर्क साधा.' सगळे हसले. ती पण हसली होती. पण आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "इश कान् एस निश्त, मामा," ती म्हणाली. मला जमतच नाही गं आई. पुस्तकात तरी मी माझ्यासारखी दिसायला हवी.

मला असा काही राग आला! मी तरातरा जिना उतरून काकांची बेल वाजवली.

"काका, ही तुमची करणी आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

काकांनी मला आत घेऊन खुर्ची दिली. काकूंना जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतंच. गेल्या वर्षापासून इथल्या ऑफिसांना कागदी फोटोही चालेनासे झाले होते. सगळं मशीनवर. करडी चादर मात्र भिंतीवर तशीच होती, आणि तिच्या बाजूला चौकटीत काकूंचा फोटो. तोही बायोमेट्रिक. त्यावरून आम्ही सगळे मागे हसायचो.

"आल्झो," ते म्हणाले, "मी बिघडवलंय, मीच दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी पाठव तिला."

आणि ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचं हसू पुसलं, त्याने हसू शिकवायचा वर्ग काढला. काकांनी इंजिनिअरच्या पद्धतीने तयारी केली. वहीत हसण्याचे प्रकार लिहिले : ओठ मिटून, वरचे दात, वरचे-खालचे दात, डोळ्यांसकट. सईसमोर आरसा ठेवला. कोणत्या कपड्यात ती खुलते ते बघायला काळा ड्रेस, हिरवा कुर्ता आणि माझी जुनी चंदेरी ओढणी करड्या चादरीसमोर धरून पाहिली आणि "कुर्ता. काळा ड्रेस म्हणजे वकिलाचा अर्ज," असा निकाल दिला. मग विनोद. त्यांनी पाठ केलेले सगळे विनोद सरकारी ऑफिसातले होते आणि प्रत्येकाच्या शेवटी अर्जदाराचा फॉर्म परत यायचा. विनोद संपला की ते स्वतः हसून दाखवायचे. त्यांचं ते हसणं बघून दातांच्या डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं असतं.

सईला मात्र तिथे जायला आवडायचं. ती जर्मनमध्ये बडबडायची, काका मराठीत दटावायचे, आणि मी जिन्यात उभी राहून ऐकायची. पण काकांनी कॅमेरा उचलला की आतला आवाज बंद. शेवटचा बुधवार आला तरी सईचं तोंड मिटलेलंच.

त्यात लहानपणचा फोटो सापडेना. आमच्या जुन्या कॉम्प्युटरने कधीच मान टाकली होती आणि कागदावर आम्ही काही काढलेलंच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी सई आणि मी हे काकांना सांगायला गेलो. ते उठले, खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. माझी वीस वर्षांची उत्सुकता! मी जवळजवळ त्यांच्या खांद्यावरून आत वाकले.

आत खोकी होती. प्रत्येकावर सुबक अक्षरात नाव. देशपांडे. कुलकर्णी, हायडेलबर्गवाले. नायर. प्रत्येक खोक्यात दोन पाकिटं, पास आणि नापास. सईच्या खोक्यातलं नापासचं पाकीट फुगून फाटायला आलं होतं.

काकांनी ते टेबलावर ओतलं. सहा आठवड्यांची सई, बोळकं पसरून. दोन वर्षांची, पोटावर हात धरून. चार वर्षांची, स्टुलावरून घसरताना, आणि कडेला स्टूल धरलेला काकूंचा हात. सगळ्या फोटोंत ती हसत होती.

"इतकं काय हसायचे मी?" सईने विचारलं. हे तिने मराठीत विचारलं.

"मी म्हणायचो, सई, हसायचं नाही हं. की तू सुटायचीस. एकदा तर पाऊण तास." काकांनी एक फोटो उचलून सरळ केला. "सहाव्या वर्षी पहिल्या फटक्यात पास झालीस. मी चॉकलेट दिलं. काकू माझ्याशी दिवसभर बोलली नाही."

मला राहवलं नाही. "काका, पण नापास फोटो का जपायचे? आणि काकूंचं खोकं कुठंय?"

काकांनी खालच्या कप्प्यातून एक खोकं काढलं. वसुधा. त्यात एकच पाकीट होतं. पास.

"हिचा फोटो काढायला बसलो," ते म्हणाले, "तर ही हसत सुटली. म्हणे, तुमचं तोंड बघा, जसं काही तुम्हालाच देशाबाहेर काढतायत. पाच वेळा हसली. मी चिडलो. पाचही फाडून टाकले. सहाव्याला गप्प बसली आणि पास झाली." ते चौकटीकडे बघत होते. "ट्रिपचे फोटो आहेत गं. पण मला किल्ला पूर्ण यायला हवा असायचा. त्यात ही खाली कुठेतरी, शेंगदाण्याएवढी. जवळून काढलेला असा हाच एक. ती गेल्यावर शोधशोध शोधलं. हसताना एकसुद्धा नाही. हे पाच फाडले ते फाडले, पण फाडले त्याच दिवशी मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. म्हणून त्यानंतर मी कुणाचाच नापास फोटो टाकला नाही."

सईने तिचा चार वर्षांचा, काकूंचा हात असलेला फोटो पुस्तकासाठी बाजूला ठेवला. बाकीचे नीट पाकिटात भरून तिने काकांना परत दिले.

शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर शाळेत आले. दार उघडणाऱ्या फोटोग्राफर बाईंच्या दोन्ही कानांकडे त्यांनी आधी बघून घेतलं. हे कोण, असं बाईंनी विचारलं. "माइन ओपा," सई म्हणाली. माझे आजोबा. आजवर ती त्यांना काकाच म्हणत आली होती. काका एकदम पुढे झाले आणि सरळच असलेली तिच्या कुर्त्याची कॉलर पुन्हा सरळ करायला लागले.

सई स्टुलावर बसली. दिवे लागले आणि तोंड मिटलं. बाई म्हणाल्या, सैल सोड. बाई म्हणाल्या, सुट्टीचा विचार कर. बाईंनी गाणं लावलं. सात मिनिटं गेली. सईचे डोळे भरायला लागले होते आणि मी दाराशी उभी राहून ओढणीचं टोक पिळत होते. बाहेर पुढचा मुलगा भांग पाडत उभा होता.

काका बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून पट्टी काढली, एक डोळा मिटला, पट्टीतून सईकडे पाहिलं आणि वीस वर्षं ज्या आवाजात आम्हा सगळ्यांना दटावलं त्या आवाजात म्हणाले,

"सई. हसायचं नाही हं."

सईने ओठ घट्ट आवळले. मग तिच्या नाकातून एक आवाज आला. मग ती सुटली. पोटावर हात, मान मागे, केस तोंडावर, वरचे-खालचे दात, डोळ्यांसकट. बाई फोटो काढत सुटल्या. काका तसूभरही हलले नाहीत. "हसायचं नाही म्हटलं ना! दात दिसतायत! निश्त लाखेन!" सई स्टुलावरून खालीच घसरली.

बाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. सई बघतच राहिली. काकांनी चष्मा पुसला, पट्टी पडद्यावर ठेवली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश तपासलं.

"तोंड उघडं," ते म्हणाले. "डोळे बंद. डावा कान दिसतच नाही."

त्यांनी पट्टी खिशात ठेवली, पण हात खिशावरच राहिला.

"नापास," ते म्हणाले. "ह्याची एक प्रत मला द्या."