पुराव्याचा कोळसा

एका जंगलात एक अस्वल होतं. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. सांगितलं तर तिथं सहल काढाल आणि पिशव्या टाकून याल.

अस्वलाचं नाव डांबरू. रंगानं काळा, डोक्यानं तापट. एकदा मुंगी चावली म्हणून त्यानं सख्ख्या मेव्हण्याला तळ्यात फेकलं. मुंगी सापडली नाही, मेव्हणा समोर होता.

त्याची बायको धुळाबाई. ती एक दिवस म्हणाली, "अहो, आणखी एकदा घरात गुरगुरलात, तर पिल्लं घेऊन मी माहेरी चालले. मग बसा दगडांवर गुरगुरत."

डांबरू घाबरला. तापट माणसं बायकोला घाबरतातच, हसू नका.

तो जाऊन कांडोळाच्या झाडाखाली बसला. कांडोळाची साल पांढरीफटक असते, तुम्ही बघितली नसेल. जवळच वणव्यात जळलेल्या फांदीचा कोळसा पडला होता. डांबरूनं तो उचलला आणि सालीवर एक रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग एक वेटोळं. वेटोळ्यात चौकटी. एक चौकट काळी, एक पांढरी.

संध्याकाळी तो घरी आला, जेवला आणि वर "भाजी छान झालीय" म्हणाला.

धुळाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

पुढं रोज तेच. रेघोट्या मारायच्या, शांत व्हायचं, घरी जायचं. कुणाचं काही बिघडत होतं का? नव्हतं. म्हणूनच लोक जमले.

माकड म्हणालं, "हे काय काढलंयस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे हात फिरतो आणि बरं वाटतं."

"असं कुठं असतं होय! ही आमच्या उंबराची हद्द आहे. उंबर हडपायचा बेत दिसतोय तुझा!"

रानडुक्कर म्हणालं, "हद्द कसली? हे माझं नाक आहे. मुद्दाम वाकडं काढलंय!"

तरस कारभारी होता. तो कशाला मागं राहील? तो म्हणाला, "ज्याचा अर्थ कळत नाही, तो कट असतो." आणि त्यानं डांबरूला दरबारात उभं केलं.

दरबार वाघाचा. सिंह आपल्याकडं नाहीत, उगाच कशाला आणायचे? वाघ पांढऱ्या चुनखडीच्या शिळेवर बसला होता. पुराव्याचा कोळसा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि तरसाचं भाषण सुरू झालं.

सूर्य डोक्यावर आला, तरी तरस अजून प्रस्तावनेतच होता. ऐकता ऐकता वाघाच्या पंजात कोळसा आला. एक रेघ. एक वेटोळं. मग आणखी चार. वाघाचे डोळे अर्धे मिटले. मिशा खाली आल्या. इतका निवांत तो शिकार खाऊनही नसे.

भाषण संपलं. वाघ दचकला आणि त्यानं निकाल दिला, "ज्याला अर्थ नाही, ते काढायचं नाही. कोळसा जप्त!"

तेवढ्यात तरसाची नजर शिळेवर गेली. "वाहवा महाराज! नव्या रस्त्याचा नकाशा!"

वाघ म्हणणार होता, "अरे, ते असंच..." पण सगळा दरबार वाकला होता. वाघ खाकरला. "हो. रस्ताच."

"महाराज, हे तर माझ्या रेघोट्यांसारखंच आहे," डांबरू म्हणाला.

"गप!" तरस ओरडला. "तुझ्या रेघोट्यांना अर्थ नव्हता."

आठवड्यात रस्ता झाला. काळी राख दाबून बसवलेली, कडेला पांढरे गोटे. तो वाघाच्या गुहेपासून निघायचा, डांबरूच्या दारावरून जायचा, पाच वेटोळी घ्यायचा आणि परत वाघाच्या गुहेशी यायचा. मध्ये कुठलंही गाव नव्हतं. रानडुक्कर पाहुण्यांकडं निघालं, ते तीन दिवस फिरतच होतं. पण रस्ता उत्तम आहे, असं सगळे म्हणत. डुक्करही म्हणे, फिरता फिरता.

इकडं कोळशाविना डांबरूचं डोकं पुन्हा तापलं. एका सकाळी तो भाजीवर गुरगुरला. धुळाबाईनं गाठोडं बांधलं. पिल्लं घेतली आणि नव्या रस्त्यानं माहेरी निघाली.

डांबरू दारात बसून रडला. एवढं मोठं अस्वल, पण रडलं.

दिवस मावळता मावळता धुळाबाई समोरून आली. पिल्लं तिच्या पाठीवर झोपली होती.

"माहेर आलंच नाही," ती म्हणाली. "पण पाचव्या वेटोळ्याशी राग कुठं गेला, ते कळलंच नाही बघा. उद्या तुम्हीही चला."

तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी वाघाच्या रेघोट्यांवरून चालतात. घरात कुणी गुरगुरत नाही.

तात्पर्य : डोकं शांत करायला रेघोट्या ओढाव्यात, पण त्याआधी वाघ व्हावं. ते जमत नसेल, तर कुणी विचारल्यावर "काही नाही" असं खरं सांगू नये. रस्ता आहे म्हणावं.