फुटलं ते गिऱ्हाईक

भूगोलाचे सर गेले काही महिने मागच्या गल्लीने शाळेत जात होते. पुढच्या रस्त्यावर टेलरकाकांचं दुकान होतं, आणि बायकोच्या आग्रहाखातर सरांनी यंदाच्या पँटी चौकातल्या नव्या, काचेच्या दुकानात शिवायला टाकल्या होत्या. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर काकांना तोंड कुठल्या तोंडाने दाखवणार?

आज शाळेत तपासणी होती आणि उशीर झाला होता. जगाचा नकाशा काखोटीला मारून सर सरळ रस्त्यानेच निघाले. नेमका काकांच्या दुकानासमोर नकाशा निसटला. सर वाकले आणि मागे नव्या पँटचा टर्रकन आवाज झाला.

सरांनी जग उलगडलं, कमरेला गुंडाळलं आणि मुकाट्याने दुकानात शिरले.

"या सर. रस्ता चुकलात वाटतं," काका चष्म्यावरून बघत म्हणाले.

"पँट जरा... फुटली."

"कापड फाटतं, सर. शिवण उसवते. फुटतं ते गिऱ्हाईक."

सरांचे कान तापले. पडद्याआड जाऊन त्यांनी पँट काढून बाहेर दिली. "मी कसला फुटतोय, काका. हिनेच फार लावून धरलं."

"फुटणारा असंच म्हणतो. म्हणे, मला फोडलं."

पण मशीन काही सुरू होईना. सरांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. काका पँट उलटी करून उजेडात बघत बसले होते.

"का, शिवता येणार नाही?"

"शिवण माझीच आहे," काका हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"ते चौकातले नुसती मापं घेतात. बेतलेलं कापड शिवायला माझ्याकडे येतं. गिऱ्हाईकं तिकडे गेली, सर. मग मीही गेलो."

सरांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. पँट नाही हे विसरून ते पडद्याबाहेर आले. "म्हणजे मी तुम्हाला सोडलंच नव्हतं."

"तुम्ही नाही. मीच फुटलोय." काकांनी रीळ बदललं. "त्यांचा दोरा कच्चा आहे. हा माझा लावतो."

दुहेरी टीप मारलेली पँट चढवून सर आरशासमोर वाकून बघत म्हणाले, "पुढची पँट मात्र तुमच्याकडेच."

काका घाबरले. "नको, नको. तिकडेच टाका. त्यांना वाटायचं, मी त्यांची गिऱ्हाईकं फोडतोय."

सरांनी मान डोलावली. त्यांनाही सुटल्यासारखंच वाटलं. नाहीतर घरी बायकोला काय सांगायचं, हा प्रश्न होताच.