मौजे नेरे येथे सायकल उभी राहिली, त्याची हकिकत

ऐकणारांनी तोंडातील पान आधीच थुंकून सावध बसावे. मौजे नेरे, तालुके मुळशी, प्रांत पुणे, येथे शके एकोणीसशे एकच्या हिवाळ्यात जो प्रसंग गुदरला, तो लोक चावडीवर हसत सांगतात आणि पदरचे चार शब्द घालतात, सबब खरे वर्तमान जैसे घडले तैसे येथे दाखल होत आहे.

राजश्री कुशाबा, आबा गाडीवान यांचे चिरंजीव, अंगाने काटक, परंतु घरात वजन काडीचे नाही. त्यांस चिंचवडच्या एका कारखान्याच्या मुकादमाचे फर्मान आले की, सोमवारी पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी जो फाटकाच्या आत असेल तो कामगार, आणि जो बाहेर राहील तो पाहुणा. हे ऐकून कुशाबांची छाती फुगली आणि लागलीच बसली, कारण पहिली एस.टी. फाट्यावर येई तीच मुळी भोंगा होऊन गेल्यावर, आणि तीही ड्रायव्हरची मर्जी असेल तर. कोरी सायकल मागणे म्हणजे दिल्लीचे तख्त मागणे. आणि नोकरी हुकली तर जन्मभर आबांच्या बैलगाडीमागे चालावे आणि त्यांची बोलणी खावी, हे भविष्य लख्ख दिसत होते. मग कुटुंब रत्नाबाईसाहेब यांनी मसलत दिली की, गावात धड सायकल नसेल, पण सायकलीचे तुकडे घरोघर पडले आहेत, ते गोळा करावे. कुशाबांनी कमर कसली.

प्रथम मोहीम शेजारच्या गंगूबाईंच्या परसावर जाहली. तेथे सायकलीचा सांगाडा भिंतीस टेकून होता आणि त्यावर कोंबड्यांनी ठाणे दिले होते. गंगूबाई कडाडल्या, "सांगाडा न्या, पर माज्या कोंबड्या बसायच्या कुटं?" मग तह ठरला आणि कुशाबांनी आपल्या गोठ्याचा बांबू काढून कोंबड्यांच्या स्वाधीन केला. त्याउपरि चुलते हैबतराव यांजकडे कूच केले. त्यांनी सायकलीचे हँडल खुंटीस टांगून त्यावर फेटा वाळत घालण्याची वहिवाट पाडली होती. हँडल देऊ, पण रोज सकाळी आमच्या दारी थांबून घंटी वाजवून मुजरा करावा, ऐसे कलम त्यांनी घातले. घंटी तर नव्हतीच, सबब तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" म्हणण्यावर तडजोड जाहली. चाके आणि बाकी सामान माण गावच्या भंगारातून आले. त्यात पुढले चाक थोर आणि मागले धाकटे, म्हणून वाहन सपाटीवरही चढ चढत असल्यासारखे दिसे. ब्रेक नावाची चीज कोठेच हाती लागली नाही, तेव्हा चप्पल हाच लगाम मानावा असे ठरले.

रविवारी सकाळी वाहन सिद्ध जाहले. कुशाबांनी मागले चाक उचलून फिरविले, तो त्यातून टिकटिक टिकटिक आवाज निघाला. आबांचा चेहरा उतरला. या गृहस्थांची सारी हयात गाडीवर गेली, पण त्यांच्या गाडीचा आस कधी कुरकुरला नाही, आणि ज्याची गाडी बोलते तो गाडीवान नव्हे, हा त्यांचा कायदा. आता त्यांच्याच दारात त्यांच्याच पोराची गाडी चुगली करीत होती. कुशाबा आंघोळीस गेले, ही संधी साधून आबांनी बैलगाडीच्या वंगणाचे नळकांडे काढले, आणि एरंडेल व जळक्या पेंढ्याची राख यांचा तो काळा लगदा मागल्या दातेरी चकतीत काडीने ठासून भरला. आवाज बंद जाहला. आबा मिशीत हसले.

मग कुशाबा नारळ फोडून स्वार जाहले आणि पायडल मारले. पायडल फिरले, साखळी फिरली, परंतु चाक जागचे हालेना. उलटे मारले, तरी तेच. टिकटिक करणारे आणि चाकास पकड देणारे आतले खटके वंगणात रुतून बसले, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. गाव लोटले आणि शहाणपणाचा बाजार भरला. हैबतरावांनी तर आपले हँडल परत मागितले. कुशाबा ओट्यावर मटकन बसले. दिवसभर हिंडून गोळा केलेली दौलत समोर मुकी उभी, आणि डोळ्यांत पाणी आले ते त्यांनी चुलीच्या धुराच्या नावावर खपविले.

ते समयी रत्नाबाईसाहेबांनी चकतीस बोट लावून हुंगले आणि सासऱ्यांकडे पाहिले. आबा आभाळाकडे पाहू लागले. बाईसाहेबांनी आतून रॉकेलची बाटली आणिली, जी रेशनावर मिळालेली आणि दिव्यासाठी जपलेली, आणि म्हणाल्या, "स्टो कोंदला की आमी काय आरती ओवाळतो व्हय?" आणि सारी बाटली चकतीत रिती केली. काळे ओघळ वाहिले, आणि चाकाने पुन्हा टिकटिक सुरू केली. आबा पाठ फिरवून बसले आणि त्यांनी हुकूम फर्माविला, "वाजंना का मेली! पर पोरगं जाऊ द्या."

सोमवारी तांबडे फुटता कुशाबांनी हैबतरावांचे दारी तोंडाने घंटी वाजविली आणि जांबे गावच्या वाटेने कूच केले. वाटेत साखळी पडे ती चढवावी, आणि पुन्हा शर्थ करावी. कारखान्याच्या उतारावर आले तो पहारेकरी फाटक ओढीत होता. कुशाबांनी चप्पल टेकली, परंतु चप्पल निघून मागे राहिली, आणि स्वारी उरलेल्या फटीतून सुलतानढवा करून आत शिरली ती चिंध्यांच्या ढिगावर जाऊन थांबली. त्याच क्षणी भोंगा जाहला. मुकादम धावत आला, ढीग पाहिला, कुशाबा पाहिले, आणि निमूट नाव लिहून घेतले.

सायंकाळी स्वारी एका चपलेनिशी परतली. वेशीवर गर्दी, आणि आबा सर्वांस सांगत होते की हा सारा आमच्या वंगणाचा गुण. रत्नाबाईंनी पायांवर ऊन पाणी घातले. पोटऱ्या दगड जाहल्या होत्या.

"लागली न्हवं नोकरी?"

"लागली."

"मंग उद्या बी जायाचं?"

कुशाबांनी पोटऱ्या चोळल्या. एवढी मोहीम मारताना हा विचार कोणाच्याच मनास शिवला नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "आता रोजच."

येणेप्रमाणे कारखाना फत्ते जाहला, आणि कुशाबा त्यात जन्माचे अडकले, असे दफ्तरी दाखल.