ढोकेचं 'काहून'

आमच्या वाडीत एका बंद शटरसमोर वजनकाटेवाल्या ढोकेने एकदा अठरा माणसांची रांग लावली होती. आत काही नव्हतं. दुकान दोन वर्षांपासून भाड्याने द्यायचं होतं, शटरला गंज चढला होता. ढोके सकाळी अकराला पिशवी घेऊन तिथे उभा राहिला आणि मला म्हणाला, "ड्रायव्हर भाऊ, माह्या मागं उभे राहा. बोलू नका."

मी राहिलो. तिसरा आला तो गोदामातला हमाल.

"काय भेटून राहिलं?"

ढोके फक्त शटरकडे पाहत राहिला. हमालानेही शटरकडे पाहिलं आणि माझ्या मागे रांगेत उभा राहिला. मग कोणी कोणाला काही विचारलं नाही. अर्ध्या तासात रांग पानठेल्यापर्यंत गेली. मागे दोघांची जुंपली, "मी कवाचा उभा आहो, तू मधात काहून घुसला?" तेवढ्यात ढोकेने पिशवी उचलली आणि हळूच निघून गेला. रांग एक पाऊल पुढे सरकली.

आता माझी गंमत ऐका. आत काही नाही हे मला माहीत होतं. तरी मी आणखी दहा मिनिटं तिथेच उभा. मागे एवढी माणसं, आपण पहिले, सोडून कसं जायचं?

संध्याकाळी ढोकेने विचारलं, "काहून थांबले होते?"

मला सांगता आलं नाही. तो एवढा खूश झाला की त्याने मला चहा पाजला.

ढोके अमरावती रोडवरच्या धरमकाट्यावर होता. ट्रक लोखंडी पाट्यावर चढवायचा, ढोकेने वजन करून चिठ्ठी द्यायची. मी ट्रक चालवत होतो तेव्हापासूनची ओळख. त्याच्या केबिनबाहेर ड्रायव्हर लोकांच्या चपलांचा ढीग असायचा. नागपुरातल्या दुसऱ्या कोणत्या काट्यावर चप्पल काढावी लागत नव्हती. मीही काढत होतो. आत देवबिव बसवला असेल असं वाटायचं. देव नव्हता, एक पंखा होता आणि ढोके होता.

पुढे त्यानेच सांगितलं. एकदा फरशी ओली होती म्हणून त्याने एका सरदारजीला चप्पल बाहेर काढायला सांगितलं. मागच्याने ते पाहिलं आणि काढली. त्याच्या मागच्याने काढली. फरशी तासाभरात वाळली, पण चपला निघत राहिल्या, ढोके रिटायर होईपर्यंत.

"तुम्ही त्यांना सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"सांगतलं ना. घालून या म्हणलं. तर एकजण मलेच म्हणे, राहू द्या साहेब, रिवाज आहे."

तेव्हापासून त्याने हिशोब मांडला होता. "एक माणूस म्हणजे येडा. दोन म्हणजे दोस्त. तीन झाले का रिवाज." हे तो कुठेही म्हणायचा. लग्नाच्या पंगतीत पहिला माणूस उठला की सगळी ओळ उठते, ढोके एकटा बसून जिलेबी खायचा. वाढपी डोक्यावर उभा. "काका, लाइन उठली." ढोके म्हणायचा, "जेवून मी राहिलो का लाइन जेवून राहिली?"

अशा माणसाला कोण बोलावतो? हळूहळू त्याला पत्रिका येणं बंद झालं. आमच्या ओळीतल्या खोल्यांमध्ये लोक म्हणायचे, ढोकेचं डोकं सरकलं, एकटा राहून राहून होते असं. त्याची बायको तो वाडीत येण्याआधीच गेलेली. तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

माझ्या बायकोला, सुमनला, मात्र तो आवडायचा. रविवारी ती त्याला जेवायला बोलवायची आणि पाटोडीचा रस्सा वाढता वाढता म्हणायची, "ढोके भाऊ, भात काहून शेवटी खाता? पयले खाऊन पाहा." ढोके विचारात पडायचा. त्याला त्याच्याच औषधाने मारणारी ती एकटीच.

मागच्या थंडीत सुमन गेली. लोक आले, बसले. पहिला म्हणाला, "सुटली बिचारी." मग येणारा प्रत्येक जण तेच म्हणू लागला. सुटली. जशी काही माझ्याकडे बांधून ठेवली होती. ढोके आला, कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "रस्सा लय चांगला करत होत्या." त्या दिवशी मला तेवढंच ऐकू आलं.

दहाव्याला आम्ही माझ्या गावी, खाप्याला, कन्हानच्या काठावर गेलो, ढोकेही सोबत आला. आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण नदीत सोडतात. गादी सोडली, उशी सोडली. राहिली गोधडी. ही तिने स्वतः शिवली होती, तिच्या जुन्या साड्या आणि माझ्या लुंग्या लावून. शेवटचे चार महिने ती हिच्यातच होती. घरून निघतानाच मी ठरवलं होतं, ही द्यायची नाही. पण बोललो नव्हतो. घोट्याएवढ्या पाण्यात गोधडी छातीशी धरून उभा राहिलो.

माझा मोठा भाऊ वामनदादा काठावरून म्हणाला, "सोड गा बाबू."

"राहू दे ना दादा."

"असं नाही करत. चार लोकं पाहून राहिले."

मग चारही लोक बोलायला लागले. सोडा. तिचा जीव अडकते. घरात ठेवू नाही. तीस वर्षं मी ट्रक चालवला, रस्त्यावर कोणाच्या बापाला साइड दिली नाही. आणि तिथे माझी बोटं आपोआप सैल होत होती. मन नाही म्हणत होतं आणि हात त्यांचं ऐकत होते.

तेवढ्यात ढोके पॅन्ट न दुमडता पाण्यात आला. "काहून सोडायची?"

"रिवाज हाये," दादा म्हणाला. "तुमचं इथं काय काम?"

ढोकेने गोधडीचं दुसरं टोक धरलं. त्याचा हात थरथरत होता. दोघं म्हातारे पाण्यात, मधात गोधडी. काठावर कोणीतरी हसलं. मला वाटलं, गेली आता.

मग मागून आमची काकू बोलली. ऐंशीच्या वरची, काठी टेकत पुढे आली. "ठेव रे. तुह्या काकाचं घोंगडं माह्या पेटीत हाये. मी कोणाले सांगतलं नाही."

दादा तिच्याकडे पाहतच राहिला. एक चुलतभाऊ खाली पाहत म्हणाला, मायचं एक लुगडं त्याच्याकडेही आहे. मग आणखी एकाकडे काही निघालं. ज्याने सगळ्यांत जोरात 'सोडा' म्हटलं होतं, त्याच्या घरी बापाचा कोट होता. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच चोर.

"धुऊन ठेव मग," दादा म्हणाला. घरी पोचेपर्यंत तो पाहुण्यांना सांगत होता, आपल्यात एक वस्तू ठेवतातच.

महिन्याभराने ढोके दुपारचा आला. मी गोधडी उन्हात टाकली होती, ती घडी करत होतो. विचारलं, "त्या दिवशी तुमचा हात काहून कापत होता?"

पहिल्यांदा त्याने उलटा प्रश्न केला नाही.

"माह्या बायकोची, कमलची, मी सोडली होती," तो म्हणाला. "अशीच होती. सगळे म्हणे सोड. मी काही विचारलंच नाही, हात उघडला. लगेच बुडत नाही ती, ड्रायव्हर भाऊ. फुगते. लय दूरवर दिसत राह्यते."

तो गोधडीकडे पाहत होता.

"हात लावू काय?"

मी ती उघडून त्याच्या मांडीवर टाकली. त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं, एका ओळीवरून, मग दुसऱ्या. मी आत चहा ठेवायला गेलो. बाहेर आलो तर ढोके भिंतीला टेकून झोपला होता, गोधडी हनुवटीपर्यंत ओढून.

चहा थंड झाला. मी उठवलं नाही.