बाबांच्या खुर्चीतला पाहुणा

गेलेल्यांची आठवण काढायची वार्षिक सुट्टी उजाडली आणि धाकटीच्या घरात सकाळीच वादाला तोंड फुटलं. बाबा गेल्यानंतरची ही पहिलीच सुट्टी. ती बाबांना आवडेल अशी व्हावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"आपल्याकडे जेवणं आटपेपर्यंत कुणी अवाक्षर काढत नाही," ती म्हणाली.

"आमच्याकडे दार सताड उघडं ठेवतात," दादाशी लग्न करून परदेशातून आलेली वहिनी म्हणाली. "आणि त्या माणसाच्या खुर्चीपुढे ताट वाढतात. नाहीतर तो येणार कुठून नि बसणार कुठे?"

"मौन कसलं पाळताय गं?" वरच्या मजल्यावरच्या काकू मध्येच म्हणाल्या. त्यांच्या माहेरी या दिवशी गेलेल्या माणसाच्या फजितीचे किस्से सांगून लोक हसून हसून लोळत. "त्याला वर करमत नसतं, जरा हसवा की!"

दादाने नेहमीप्रमाणे सगळ्यांनाच होकार देऊन टाकला. दार उघडं, ताट वाढलेलं, तोंडं बंद. काकूंचे किस्से जेवणानंतर.

चौघंही रिकाम्या खुर्चीकडे बघत गंभीरपणे बसली होती, तोच उघड्या दारातून एक माणूस हत्यारांची पिशवी घेऊन थेट आत आला. दादाने स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी आठवड्यापूर्वी बोलावलेला प्लंबर. तो नेमका आज उगवला होता.

"आलो बघा!"

कुणी बोलेना. धाकटीने डोळे वटारले. दादाने ओठांवर बोट ठेवलं.

"अबोला धरलाय होय? धरा, धरा. आठवडाभर 'उद्या येतो, उद्या येतो' करत टांग दिली, चूक माझीच." मग त्याची नजर ताटावर गेली आणि आवाज एकदम ओला झाला. "आणि एवढ्या रागातसुद्धा माझ्यासाठी ताट वाढून ठेवलंत? लाजवलंत साहेब!"

दादाने 'नको, नको' असे दोन्ही हात हलवले.

"आता नको कसं म्हणू? एवढा आग्रह करताय!" म्हणत त्याने हात धुतले आणि तो बाबांच्या खुर्चीत ऐसपैस बसला.

वहिनी थिजली. काकूंनी रुमाल तोंडात कोंबला. धाकटीने इतके महिने मनात जपलेला दिवस, तो या माणसाने एका घासात गिळला होता.

दुसऱ्या घासाला तो अडखळला.

"राग मानू नका ताई, पण भाजीत मीठ कमी आहे."

दादाने चमकून मान वर केली. त्या खुर्चीतून हे वाक्य रोज यायचं. धाकटीचं उत्तरही ठरलेलं असायचं, आणि ते आज तिला आवरायच्या आत बाहेर पडलं.

"मग वरून घ्या ना! रोज रोज काय तेच?"

"रोज?" प्लंबर गडबडला. "मी तर आजच आलोय!"

काकूंच्या तोंडातला रुमाल उडाला. मग वहिनी, दादा, आणि शेवटी डोळे पुसत धाकटीही हसत सुटली. हसता हसताच दादाने खरा प्रकार सांगितला, तसा प्लंबर ताडकन उठला.

"अरे देवा! मी गेलेल्या माणसाचं ताट..."

"बसा," धाकटी म्हणाली आणि मिठाची वाटी पुढे सरकवली. "अर्ध्या ताटावरून उठलेलं बाबांना मुळीच खपायचं नाही."

नळ दुरुस्त करून तो गेला, तेव्हा दादाने हळूच विचारलं, "मग पुढच्या वर्षी कुणाची रीत पाळायची?"

"तिघींचीही," धाकटी म्हणाली. "तू फक्त आठवडाभर आधी नळ बिघडवून ठेव."