सहाची खरखर

साळवे काका कुणाच्याही दाराची बेल वाजवण्याआधी दाराला रेडिओ लावतात. डॉक्टर छातीला नळी लावतात तसा. शर्टाच्या खिशात मावेल एवढा तो ट्रान्झिस्टर. त्याची दांडी ओढून दाराच्या फटीवर टेकवायची, डोळे मिटून दहा सेकंद ऐकायचं आणि मगच बेल. दार उघडेपर्यंत निकाल तयार असतो. "तुमच्याकडे काहीतरी चालू आहे," ते म्हणतात. "आरोप नाही करत. संशय घेतोय."

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या बारा फ्लॅटच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. हे पद माझ्याकडे आलं ते मी सगळ्याच्या याद्या करते म्हणून. टाकी कधी धुतली, गच्चीची किल्ली कुणाकडे, जिन्यातला बल्ब कधी बदलला, सगळं लिहिलेलं असतं. तक्रारवहीही मीच सुरू केली. तारीख, वेळ, तक्रारीचं स्वरूप आणि शेवटचा रकाना 'कार्यवाही'. पहिल्या वर्षात तिची चार पानं भरली. मग काकांच्या रेडिओत खरखर सुरू झाली आणि मला नवी वही आणावी लागली.

काका पाटबंधाऱ्यात वायरलेस ऑपरेटर होते. धरणातून किती पाणी सोडलं ते बिनतारी यंत्रावरून पुढच्या ठाण्याला कळवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नोकरी सुटली, यंत्र सुटलं नाही. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला असते. घरात शॉर्टवेव्हचा मोठा सेट, भिंतीवर फ्रेममध्ये संदेश पाठवण्याचा सरकारी परवाना, आणि गच्चीवर टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणलेली एक तार. तिच्यावर शेख भाभींनी एकदा दुपट्टे वाळत घातले, तेव्हा वहीत नोंद आली : 'एरियलवर कपडे. तीन. पैकी एक हिरवा.'

रोज संध्याकाळी सहाला ते सेटसमोर बसत. "माझं सहाचं असतं," एवढंच सांगत. कुणाबरोबर, ते कधीच नाही. दारावरून जाताना आतून टिक-टिकटिक ऐकू यायचं, त्यामुळे संशय दोन्ही बाजूंनी होता. नऊ नंबरमधले बोरसे भाऊ कांद्याचे व्यापारी, पण त्यांनी मला जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हा माणूस रोज कोणाला काय पाठवतो, तुम्ही कधी विचारलं का? नाशकात लष्कराचं काय काय आहे, माहितीये ना?"

मी परवाना पाहिला होता. तसं सांगितलं. बोरसे भाऊ म्हणाले, "परवाना तर कोणाकडेपण असतो."

काकांच्या नेमक्या त्याच वेळेवर खरखर आली. तापलेल्या तेलात ओले वडे सोडावेत तशी, असं त्यांचं वर्णन. "सहाला सुरू, सातला बंद. पावणेसहाला नाही, सव्वासातला नाही. हे यंत्राचं काम नाही मॅडम, यामागे माणूस आहे. नोंद घ्या."

मी नोंद घेतली. त्यांनी मला समजावलंही. हल्ली वायफाय आतल्या खोलीत पोचावं म्हणून नाना तऱ्हेचे डबे निघालेत. काही डबे तर भिंतीतल्या विजेच्या वायरींतूनच इंटरनेट ढकलतात. मग त्या वायरीच एरियलसारख्या वागतात आणि शेजारच्या शॉर्टवेव्ह सेटमध्ये नुसती खरखर. मी मान डोलावत होते, पण लक्ष पाण्याच्या टँकरकडे होतं.

बारा फ्लॅटची यादी करून दिली. काका रोज सहाला निघून एकेक घर तपासू लागले. म्हणजे स्वतःचं सहाचं सोडून दुसऱ्यांच्या दारात.

"काका, मी लासलगावचा भाव बघतो हो मोबाइलवर," बोरसे भाऊ म्हणाले. "त्यात कसली खरखर?"

"भाव सहालाच बघता?"

"पडला की दिवसभर बघतो!"

शेख भाभींनी तर दार उघडल्या उघडल्या सांगितलं, "चाचा, आधी बिर्याणी खा, मग काय चेक करायचं ते करा." काका ताटाशेजारी रेडिओ ठेवून जेवले. यादीत शेरा आला : 'जेवण उत्तम. राऊटरवर संशय कायम.'

आमचा सात नंबर. मी चहा ठेवला होता. मागच्या खोलीत सासूबाई असतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या खोलीबाहेर फारशा येत नाहीत. रोज सहाला टॅब्लेटवर त्यांची सायखेड्याची धाकटी बहीण दिसते आणि तासभर दोघी एकमेकींना काय काय दाखवत बसतात. काका रेडिओ घेऊन आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले. "साफ," म्हणाले, यादीवर सही केली आणि चहा न घेताच गेले. काका चहा सोडत नाहीत. हे मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

यादी संपली, खरखर संपली नाही. काका रोज तक्रार लिहीत राहिले, बोरसे भाऊंच्या दारी रोज जात राहिले.

पुढच्या सभेचा अहवाल लिहिताना मी वही चाळली. तीन आठवड्यांत फक्त दोन दिवस तक्रार नव्हती. मंगळवार आणि बुधवार. दोन्ही दिवशी एकच शब्द : 'ऐकलं.' मंगळवारी काका जिन्यात उगाचच "कशा आहात?" म्हणाल्याचं आठवलं. मी घरची वही काढली. त्याच मंगळवारी लिहिलं होतं : 'मागच्या खोलीतला रेंजचा डबा बिघडला. माणूस गुरुवारी येणार.' दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा ताडून पाहिल्या.

मग उठून तो डबा पाहिला. काकांनी सांगितला तसलाच, थेट भिंतीतल्या प्लगात खोचलेला होता. दुसरा तसाच हॉलमध्ये. महिन्याच्या सुरुवातीला बसवून घेतले होते. पावती माझ्याच फायलीत होती.

मी तशीच वर गेले.

"काका, खरखर माझ्या घरातून येते."

"हो," काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खोलीच्या दारातच कळलं. रेडिओ किंचाळला."

"मग साफ कसं लिहिलंत?"

काकांनी चष्मा पुसला. "आजी बहिणीला दोडका दाखवत होत्या. ती तिकडून स्वतःचा दाखवत होती. कुणाचा लांब, यावरून दोघी इतक्या हसत होत्या... मी रेडिओ बंद करून खिशात टाकला."

"आणि तरी रोज बोरसे भाऊंकडे जात होतात?"

"एकदम थांबलो असतो, तर तुम्हाला संशय नसता आला?"

मग मी बोरसे भाऊंचा प्रश्न विचारला. रोज सहाला कोण असतं?

पवार. सुरगाण्याकडचे. धरणावर वीस वर्षं दोघं समोरासमोरच्या ठाण्यांवर होते. हा पाठवायचा, तो घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी पवारांना झटका आला आणि वाचा गेली. एक हात तेवढा चालता राहिला. त्या हाताने ते रोज सहाला मोर्सची टिकटिक करतात, इंग्रजी अक्षरांत मराठी.

"मोबाइलवर मेसेज नाही का पाठवता येणार?"

"येईल की. त्यात शब्द कळतात. ह्यात हात कळतो. झोप झाली का, सुनेशी वाजलंय का, सगळं कळतं."

"मग हे तीन आठवडे?"

"मी पाठवत होतो. 'ऐकतोय.' दारोदारची तपासणी उरकून रोज सव्वासहाला." ते सेटकडे बघत म्हणाले, "ते दोन दिवस सोडले तर ऐकू काहीच येत नव्हतं. पण तो तिकडे बसलेला असणार ना."

दुसऱ्या दिवशी मी चाळीस फूट केबल, खिळ्यांच्या क्लिपा आणि शिडी आणली. हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत इंटरनेटची साधी वायर ओढून घेतली आणि दोन्ही डबे प्लगातून काढले. काका शिडीखाली उभे राहून सूचना देत होते. "दारातून नको, वरून न्या. आजींच्या पायात येईल." सहाला सासूबाईंच्या खोलीत सायखेडा दिसलं आणि मी काकांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले.

खरखर नव्हती. लांबून, पण स्वच्छ, टिक-टिकटिक. काकांची पेन्सिल चालू लागली. थोड्या वेळाने ते हसायला लागले.

"शिव्या देतोय. म्हणतो, इतके दिवस विचारतोय गुडघा कसा आहे, आणि मधले दोन दिवस सोडले तर तू नुसता ऐकतोय, ऐकतोय!"

मग हसणं थांबलं. पेन्सिल खाली ठेवून ते नुसते ऐकत राहिले. मला सगळी टिकटिक सारखीच वाटत होती.

सकाळी तक्रारवही माझ्या दाराशी होती. काकांचं अक्षर. वेळ : सहा वाजून दहा मिनिटे. तक्रारीचं स्वरूप : 'पवारचा हात जड झाला आहे. अक्षरं तुटतात. तो सांगत नाही. आरोप नाही, संशय आहे.'

शेवटचा रकाना रिकामा होता. मी शेख भाभींच्या आणि बोरसे भाऊंच्या दारी जाऊन आले, मग पेन घेतलं आणि लिहिलं : 'रविवारी सकाळी सात वाजता. सुरगाणा. गाडी माझी. डबा शेख भाभी देणार. बोरसे भाऊ कांदे घेऊन येतो म्हणतात.'